कपाळावरचं गोंदण

"मान वर. अजून वर. आता श्वास घ्या, नाहीतर मेल्यावानी दिसान!"

समोर वकील असो की कापसाच्या जिनचा शेठ, आमचे पेंटरसाहेब सगळ्यांना असंच दरडावायचे. 'साहेब' म्हणायचं, हा त्यांचाच हुकूम. पन्नास सालानंतरच्या त्या काळात वाशीममधल्या बड्या बैठकीत तैलचित्र दिसलं, की ते त्यांचं आणि चौकट माझी, हे ठरलेलं. आमची दुकानं शेजारी-शेजारी होती.

थोडी लबाडी तेही करत. शेठजींचं पोट कमी, वकिलांचे केस जास्त. मी हसलो की म्हणत, "अरे, लोकाइले आरसा जे दाखवत नाही, ते मी दाखवतो. त्यात कायचं पाप?"

मग किन्हीराजा गावच्या एका पाटलांनी बायकोचं चित्र सांगितलं. पाटलीणबाई सावळ्या, कपाळावर ठसठशीत गोंदण. ओसरीवर बसल्या की पदर भुवयांपर्यंत ओढायच्या. त्यांना मात्र पेंटरसाहेबांनी एकदाही दरडावलं नाही. "माय, पदर जरा मागं घ्या. गोंदण लपवता काहून?" एवढंच म्हणाले.

चित्र झालं तेव्हा मी चौकट घेऊन गेलो होतो. बाई बराच वेळ बघत राहिल्या. "मी अशी दिसतो?"

"अशाच दिसता, माय," पेंटरसाहेब म्हणाले.

त्या तोंडाला पदर लावून हसल्या. तेवढ्यात पाटील आले.

"इतकी काळी काहून केली? पाव्हणे काय म्हणतीन? गोरी करा, अन् ते गोंदण पुसा."

"शेठचं पोट मी झाकलं, कारण त्याईनंच सांगतलं. बाईले इचारलं का तुमी?"

बाई दाराआड गेल्या होत्या. पाटलांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. अकोल्याहून दुसरा पेंटर आणला आणि त्याच चित्रात जित्या बाईचा चेहरा पिठासारखा पांढरा करून घेतला. गोंदण गेलं. कोपऱ्यातलं नाव मात्र आमच्या पेंटरसाहेबांचंच ठेवलं!

पाटलांकडे बारसं होतं त्या दिवशी पेंटरसाहेब भर बैठकीत शिरले आणि चाकूने आपलं नाव खरवडायला लागले. गड्यांनी त्यांना ओसरीवरून खाली ढकललं. ज्यांचं पोट झाकलं ते शेठ तिथंच बसले होते, ज्यांना केस दिले ते वकीलही. एकजणही उठला नाही. पेढे खात होते! आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की माझं डोकं तापतं. पेंटरसाहेबांना मी उचललं. कपाळ फुटलं होतं.

"पुरं खरवडलं गेलं का रे?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर 'डोकं फिरलेला माणूस' म्हणून कोणी काम देईना. एका सकाळी ट्रंक घेऊन ते स्टेशनवर निघाले. मी विचारलं, "कुठं जाता?" म्हणाले, "पाहू. जिथं बरं वाटन तिथं उतरीन."

उन्हाळ्यात बैलांची एक दमणी दुकानापुढे थांबली. पाटलीणबाई एकट्याच उतरल्या.

"पेंटरसाहेब हाय का? त्याईले म्हणा, मले पुन्हा काढा. माह्यापाशी ठेवतो मी, पेटीत."

"ते गाव सोडून गेले, माय."

शेजारच्या दाराला कुलूप होतं.

"मंग राहू द्या," म्हणाल्या, आणि दमणीत जाऊन बसल्या.