नऊ तारखेची बारा वीस

घड्याळबाईला राग यायला फार काही लागत नसे. बस तीन मिनिटं उशिरा सुटली तरी पुरे होई. पण त्या रविवारी सकाळी धाकट्या दिराने जेवणाच्या टेबलावर जो कागद पसरला, तो पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कागदावर दहा दिवसांत सहा शहरं कोंबली होती.

"पॅरिस, आम्स्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, रोम," दीर बोट फिरवत म्हणाला. "आयुष्यात एकदाच जायचं, तर सगळं उरकून यायचं, वहिनी."

"उरकायला ते काय धुणं आहे?"

दिराचं बॅगांचं दुकान होतं. तो स्वतः कधी देशाबाहेर गेला नव्हता, पण बाहेर जाणाऱ्यांना बॅगा विकून विकून प्रवासातलं सगळं आपल्यालाच कळतं अशी त्याची पक्की समजूत झाली होती. कुठल्या विमानतळावर चाकं तुटतात हेसुद्धा तो छातीठोकपणे सांगायचा.

कागदावर घड्याळबाईने दोनदा बोट फिरवलं. मग तिसऱ्यांदा.

"ताईचं गाव कुठे आहे यात?"

"अहो वहिनी, तिथे बघण्यासारखं आहे काय? दोन रस्ते आणि एक नदी. उगाच अर्धा दिवस वाया."

घड्याळबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, शांत माणूस. भाऊ आणि बायको यांच्यामध्ये तो काचेच्या नळीसारखा उभा राही. दोन्हीकडचं आरपार दिसायचं, स्वतःचा रंग नाही.

"बघू," तो म्हणाला.

हे 'बघू' घड्याळबाई एकोणीस वर्षं ऐकत होती. तिची थोरली बहीण लग्न करून तिकडे गेली त्याला तीस वर्षं झाली, आणि शेवटची इथे येऊन गेली त्याला एकोणीस. आई सदा आजारी, म्हणून घड्याळबाईला वाढवली ती ताईनेच. वेण्या घातल्या तिनेच, थोबाडीत दिल्या त्याही तिनेच. पुठ्ठ्याचं घड्याळ करून काटे ओळखायला शिकवलं तेही तिनेच. मागच्या हिवाळ्यात ताईच्या छातीत काहीतरी निघालं आणि डॉक्टरांनी विमान कायमचं बंद केलं. फोनवर ताई हसत म्हणाली होती, "ठमे, आता डोंगर काही तुझ्याकडे येत नाही. तूच बघ." त्या फोननंतरच या प्रवासाचं निघालं होतं. चौघं जायचं ठरलं, आणि ज्या कारणासाठी निघालं तेवढंच कागदावरून गळलं.

"तो कागद इकडे द्या," घड्याळबाई म्हणाली. "वेळापत्रक मी करते."

"उंटावरून शेळ्या हाकणं वेगळं वहिनी, आणि..."

"उंट, शेळ्या, बस, सगळं हाकते मी. एकतीस वर्षं तेच करतेय. द्या."

ते खरं होतं. शहराच्या बस डेपोत मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. एका बाजूला काचेची खिडकी, तिच्यातून ड्रायव्हर डोकावून ओरडत. समोर आडवे लांबलचक तक्ते, त्यांत प्रत्येक बसचं सुटणं, पोचणं, परतणं. सगळं पेन्सिलने. पेनाने फक्त सही, आणि ती ड्रायव्हरची. कामगिरीसमोर, म्हणजे निवडलेल्या फेरीसमोर, सही केली की ती खोडायची नाही, हा डेपोचा नियम घड्याळबाईच्याही आधीपासूनचा. तिथेच तिला हे नाव पडलं होतं. आधी चिडवायला, मग धाकाने, आता सवयीने.

तिच्या तक्त्यात एक रकाना असा होता की साहेबलोक दरवर्षी तो कापायला बघत. तिने त्याला नाव दिलं होतं 'उसंत'. शेवटच्या थांब्यावर पोचल्यावर परत निघण्याआधीची सात-आठ मिनिटं. साहेब म्हणत, ही मिनिटं वाया जातात. ती म्हणे, साहेब, तुम्ही एकदा बसमध्ये बसा आणि उसंत नसलेल्या ड्रायव्हरच्या मागे उभे राहून दाखवा. उसंत कुणाला कापू दिली नव्हती तिने.

दिराच्या कागदात उसंत नव्हतीच. पॅरिसला उतरायचं आणि तासाभरात त्या टॉवरखाली उभं राहायचं. माणसं आहेत की पार्सलं?

आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात ती नवा तक्ता आखत बसली. सुट्टी फक्त दहा दिवसांची. चार ते तेरा तारीख, कारण पंधरापासून डेपोचं नवं वेळापत्रक लागणार होतं. दिवस वाढवता येईनात, तेव्हा तिने शहरं कापली. प्राग गेलं, रोम गेलं. दीर दोन दिवस बोलला नाही, ती अधिकची उसंत. बर्लिन मात्र तिने ठेवलं, कारण भिंतीसमोर उभं राहून फोटो काढायचा असं दिराने अख्ख्या बाजारपेठेला सांगून ठेवलं होतं.

"पाडलेली भिंत बघायला इतक्या लांब?" ती म्हणाली होती. "तुमच्या दुकानामागची केव्हाची पडलीय."

पण ठेवलं. आठ तारखेला संध्याकाळी बर्लिन. नऊचा पूर्ण दिवस बर्लिन. रात्री बारा वीसची गाडी. दहा तारखेला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ताईचं गाव, आणि तो आख्खा दिवस ताईचा. अकराला सकाळी व्हिएन्ना, तेराला तिथूनच परत. तिने स्वतः फोनवर बोटं आपटून गाडीची चार तिकिटं काढली आणि लगेच ताईला फोन लावला.

"आठ दहा म्हणजे आठ दहा का गं?" ताईने विचारलं. "का तुमच्या बससारखं?"

"माझी बस वेळेवरच सुटते. माणसं उशिरा येतात."

"बरं बाई. मी साडेसातपासून फाटकात उभी राहते."

"छातीचं दुखणं घेऊन फाटकात कशाला? घरात बस!"

"ओरडायचं असेल तर समोर येऊन ओरड," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

निघायला सहा आठवडे उरले असताना धाकटी जाऊ रुग्णालयातली रात्रपाळी संपवून सकाळी घरी आली. ती नर्स होती. घरात तिचा आवाज क्वचितच ऐकू यायचा. आल्या आल्या ती खुर्चीत बसली, चपलांतून सुजलेले पाय काढले आणि समोर लटकवलेला तक्ता चहा पिता पिता वाचत राहिली. मग उठून स्वयंपाकघरात आली.

"जाऊबाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार आधी. रागावायचं नंतर ठरवते."

"नऊ तारखेची बारा वीस म्हणजे... नऊ तारीख लागल्या लागल्याच ना? म्हणजे आपण आठच्या संध्याकाळी पोचणार आणि त्याच रात्री निघणार?"

"नऊचा दिवस संपल्यावर, वेडे. नऊच्या रात्री."

"नाही हो. रात्रपाळीला बाराचा ठोका पडला की मी पेशंटच्या कागदावर तारीख बदलते. बारा वीसला ताप बघितला तर तो नव्या तारखेचा लिहिते."

घड्याळबाईच्या हातातलं झाकण ओट्यावर पडलं.

डेपोत तारीख बाराला बदलत नसे. डेपोत दिवस संपायचा तो शेवटची बस आत आली की. रात्रीची बारा वीस तिच्या तक्त्यात 'चोवीस वीस' होती. नऊला निघालेली बस पहाटे परतली तरी नऊच्याच रकान्यात परतायची. तिकिटावर पोचण्याची तारीखही नऊच छापलेली होती, आणि तेही तिने वाचलं होतं, आणि तेही तिला बरोबरच वाटलं होतं. एकतीस वर्षांचा हात, तो डोळ्यांना विचारायला थांबलाच नाही.

"काय झालं?" दिवाणखान्यातून दीर आला. भिंतीला कान असतात म्हणतात, पण या घरात दिरालाच होते. त्याने तिकीट बघितलं, तक्ता बघितला आणि कपाळाला हात लावला. "म्हणजे बर्लिनला काय फक्त जेवायचं? आणि ताईकडे दोन दिवस? वा, वहिनी! मानलं तुम्हाला."

"चुकलं माझं."

"तुमचं? घड्याळबाईचं? तीस वर्षांत मिनिट चुकलं नाही, आणि चुकली ती नेमकी माझ्या बर्लिनची तारीख? लहान मूल आहे का मी?"

घड्याळबाईचे कान तापले. चुकली म्हणून कुणी तोंडावर बोललं असतं तर तिने ऐकून घेतलं असतं, मान खाली घालून. पण तिची चूक चूक आहे हेसुद्धा कुणी मानायला तयार नव्हतं. आयुष्यभर बरोबर राहण्याचं हे बक्षीस. खरं बोललं तर लबाड, आणि गप्प बसलं तर आणखीच लबाड.

"मी लबाडी केली असती ना," ती म्हणाली, "तर तुम्हाला विमानात बसेपर्यंत कळली नसती. ही चूकच आहे. नीट बघून घ्या, परत बघायला मिळायची नाही."

दुपारभर फोनाफोनी झाली. सवलतीचं तिकीट, बदलता येत नव्हतं. दुसऱ्या रात्रीची गाडी भरलेली. संध्याकाळी दीर तोडगा घेऊन आला, आणि तोडगा ऐकून सकाळचा राग बरा होता असं घड्याळबाईला वाटलं.

"सोप्पं आहे. ती गाडी सोडून द्यायची. नऊला आरामात बर्लिन बघायचं. दहाला दिवसाच्या गाड्या आहेत, तीन ठिकाणी बदलायच्या, संध्याकाळी सातला ताईंच्या गावी. मस्त जेवू, गप्पा मारू, सकाळी व्हिएन्ना. झाली की भेट!"

"झाली की भेट," घड्याळबाई हळूच म्हणाली.

"वाईट काय आहे त्यात?" नवरा म्हणाला. "अगदीच न भेटण्यापेक्षा... म्हणजे, बघू आपण..."

"काय बघू?" ती वळली. आवाज चढला नव्हता, म्हणून नवरा जास्त घाबरला. "एकोणीस वर्षं बघताय. मुलाची परीक्षा होऊ दे, बघू. तुमची निवृत्ती होऊ दे, बघू. बघता बघता तिचं विमान बंद झालं. आता एकोणीस वर्षांनी मी तिच्या दारात सातला पोचायचं, तिने वाढायचं, मी गिळायचं, झोपायचं आणि सकाळी हात हलवायचा. पाहुणीसुद्धा यापेक्षा जास्त बसते हो. आणि नंतर ती गेली की तुम्हीच मला सांगणार, रडू नकोस, भेट झाली होती की."

दिराने उगाच एका बॅगेची चेन ओढून बघितली.

घड्याळबाई आत गेली आणि एक कोरा कागद घेऊन आली. पट्टी धरून मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं: आठच्या रात्री बर्लिन सोडणे, नऊ आणि दहा ताईकडे. उजव्या बाजूला: नऊ बर्लिन, दहाला संध्याकाळी ताईकडे. मग पेन टेबलावर ठेवलं.

"डेपोत दोन कामगिऱ्या असल्या की ज्याला जी पाहिजे तिच्यासमोर सही. मनधरणी नाही, रुसवाफुगवा नाही." आणि तिने डावीकडे पहिली सही ठोकली.

दिराने उजवीकडे केली, ऐटीत, खाली दोन रेघा मारून. पेन त्याने भावाच्या हातात दिलं. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं नाही. भावाच्या सहीखाली, साठ वर्षांच्या सवयीने, आपली सही करून टाकली.

घड्याळबाईच्या आत कुठेतरी एक बस न थांबताच निघून गेली.

मग जाऊ उठली. आपल्या नवऱ्याच्या समोरून हात पुढे करून तिने पेन उचललं आणि डावीकडे सही केली.

"अगं ए!" दीर ओरडला. "तुला काय करायचंय तिथे? बघण्यासारखं काही नाहीये!"

"म्हणूनच," जाऊ म्हणाली. "बावीस वर्षं उभ्याने नोकरी करतेय. मला दोन दिवस काहीही बघायचं नाही. नदीकाठी बसायचं आहे. तुमच्या सहा शहरांनी माझ्या पायांना विचारलं होतं का?" आणि इतकं बोलल्याचं तिलाच आश्चर्य वाटून ती परत खुर्चीत बसली.

दिराचं तोंड उघडं ते उघडंच. त्याच्या कुठल्याच बॅगेला इतकी मोठी चेन नव्हती.

नवऱ्याने घसा खाकरला. मग शेल्फावरून खोडरबर शोधून आणलं आणि कागदापाशी येऊन उभा राहिला.

"ती सही... चुकून झाली गं माझी. सवयीने. तुझी तारीख नाही का झाली, तशीच."

घड्याळबाईने त्याच्याकडे पाहिलं. चूक चूकच असते हे या घरात दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी मानलं होतं. क्षणभर तिला वाटलं, द्यावी खोडू.

"सही पेनाने आहे," ती म्हणाली. "आणि डेपोत सही खोडत नाहीत. बर्लिन नीट बघून या. दहाला संध्याकाळी सातला पोचायचं, मिनिट इकडेतिकडे नाही. तीन ठिकाणी बदलायचंय, पाण्याची बाटली बरोबर ठेवा."

तो खोडरबर हातात धरून तसाच उभा राहिला. तिने फोन उचलला.

"ताई, तारीख बदलली. दहा नाही, नऊ. सकाळी आठ दहा. हो, आधी. चूक झाली माझी." पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला. तो ऐकून घेत ती कोरडेपणाने म्हणाली, "हसून घे. दोघी येतोय, मी आणि जाऊ. तिला नदीकाठी एक खुर्ची काढून ठेव. पुरुषमंडळी दहाला संध्याकाळी येतील, वरातीमागून घोडं. आणि हे बघ, साडेसातपासून फाटकात उभं राहायचं नाही. आठ दहा म्हणजे आठ दहा."