सगळ्यात लहान आकडा

वोब्बेने बर्फ मोजायचं गिरमिट खाली ठेवलं तेव्हा निम्म्या गावाला वाटलं, म्हातारा थकला. उरलेल्या निम्म्याला वाटलं, म्हातारा रुसला. दोन्ही खोटं. मी तेत्स्के, चाळीस वर्षांपासूनची त्याची शेजारीण आणि आमच्या बर्फमंडळाची चिटणीस. खरं काय झालं ते मला ठाऊक आहे आणि त्यात माझाही हात आहे, म्हणून मीच सांगते.

आमच्या फ्रीसलंडात, या कालव्या-तळ्यांच्या मुलखात, कडक थंडी पडली की सात गावांची फेरी निघते. म्हणजे निघायची. कालवे आणि तळी गोठली की पायांत स्केट बांधून सकाळी निघायचं आणि सातही गावांना शिवून दिवेलागणीला परत यायचं. प्रत्येक गावाच्या वाट्याला पाण्याचा एक पट्टा आणि त्या पट्ट्याचा एक बर्फमास्तर. त्याने पहाटे एकट्याने जायचं, पाच ठिकाणी गिरमिटाने भोकं पाडायची, बर्फाची जाडी मोजायची आणि पाचांतला सगळ्यात लहान आकडा वहीत लिहायचा. सातही वह्यांत पंधरा सेंटिमीटर आले की फेरी ठरली. एका जरी वहीत चौदा आले तरी सगळे घरी.

शेवटची फेरी निघाली त्याला एकोणतीस हिवाळे झाले. तेव्हा वोब्बे चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि त्याची बायको ग्रीत त्याच्याबरोबर होती. दोघं इतकी वेगात गेली की घरी पोचल्यावर त्यांना सातांतली चार गावंसुद्धा धड आठवेनात. ग्रीत म्हणाली होती, "पुढच्या वेळी हळू जाऊ रे, बघत बघत." पुढच्याच वर्षी वोब्बे आमचा बर्फमास्तर झाला. बर्फमास्तराने सगळ्यांच्या शेवटी निघायचं असतं, शेवटच्या माणसाची खूण म्हणून हातात झाडू घेऊन, त्यामुळे हळू जायला ते बरंच होतं. पण ती पुढची वेळ काही आली नाही. कधी बर्फ चार बोटं, कधी नुसतीच साय. पाच वर्षांपूर्वी ग्रीत गेली. तिचे स्केट वोब्बेच्या पडवीत खिळ्याला लटकलेले असतात आणि नोव्हेंबर लागला की तो त्यांच्या पात्यांना तेल लावतो. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "फेरी निघाली की गळ्यात घालून नेणार. बघत बघत जायचंय तिला."

आणि गेल्या फेब्रुवारीत थंडी पडली. साधीसुधी नव्हे, सलग अकरा दिवस. नाकातला श्वास आत जातानाच टोचायचा. बुधवारी सहा गावांनी पंधरा कळवले. उरलो आम्ही. आमच्या वहीत तेरा.

गावाने वोब्बेला जगू दिलं नाही. हेसेल बेकरीवाला भर रस्त्यात ओरडला, "वोब्बे, तुझ्या गिरमिटाला पंधरापर्यंत मोजता येत नाही! शाळेत घाल त्याला!" सगळे हसले. मीही हसले. आणि मी तर त्याच्याही पुढे गेले. ऐंशी लिटर वाटाण्याच्या सूपचं सामान आणून ठेवलं होतं ना मी! त्याच्या दारात उभी राहून म्हणाले, "अरे, एक-दोन सेंटिमीटरांसाठी काय अडून बसतोस? अठ्ठावीस वर्षं वाट बघितली लोकांनी." त्याचं लक्ष पडवीतल्या खिळ्याकडे होतं.

गुरुवारी सकाळी वोब्बेने पंधरा लिहिले.

मग काय विचारता! शनिवारी फेरी ठरली. खिडक्याखिडक्यांत झेंडे लागले. पुलाखालचा बर्फ नेहमीच कच्चा असतो, तिथे स्केट घालूनच काठावरून चालत जावं लागतं. त्यासाठी लोकांनी घरातले जुने गालिचे काढून काठावर अंथरले. हेसेलने कणीक भिजवली. तीन हजार माणसं येणार होती. मी गालिच्यांचं विचारायला वोब्बेकडे डोकावले तर हा स्वयंपाकघरात बसलेला, समोर टेबलावर ग्रीतचे स्केट. म्हटलं, आनंदाने वाचा बसली असेल. इतकी वर्षं शेजारी राहून मला एवढंही कळलं नाही.

शुक्रवारी दुपारी तो घरी नव्हता. पडवीत गिरमिट नव्हतं. मी तळ्यावर गेले. तळ्याच्या पलीकडे लव्हाळ्यांपाशी एक कोपरा आहे, आम्ही त्याला हंसांचा कोपरा म्हणतो. तिथे वोब्बे बर्फावर पालथा पडलेला दिसला. मी धावतच बर्फावर उतरले.

"पुढे येऊ नकोस!" तो ओरडला.

मग सरपटत सरपटत मागे आला, उठून बसला. कोटाच्या पुढच्या बाजूला सगळा बर्फाचा भुगा.

"किती?" मी विचारलं.

"नऊ."

"काल तर पंधरा लिहिलेस!"

"काल मी इथे आलोच नाही." त्याने गिरमिट मांडीवर घेतलं. "सोमवारपर्यंत इथे राजहंस पोहत होते, तेत्स्के. त्यांनी पाणी उघडं ठेवलं होतं. दरवर्षी पहिलं भोक मी इथेच पाडतो. बुधवारी इथे अजून पाय ठेवायची सोय नव्हती, म्हणून कडेला मोजलं होतं आणि ही जागा कालसाठी ठेवली होती. काल बोटींच्या धक्क्याकडे वळलो. तिथे पंधरा मिळणार हे ठाऊक होतं मला."

"चुकला असशील रे."

"चुकलो नाही. पाच भोकं पाडली आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहिला. फेरी मला सत्तावीस वर्षं हवीच होती. पण हवं असणं घरी ठेवून यायचो मी. काल ते माझ्याबरोबर आलं."

आता माझी लाज सांगते. मी म्हणाले, "असू दे ना. या कोपऱ्याला दोऱ्या लावू. लोक बाजूने जातील."

"धुकं पडलं तर?"

"नाही पडणार."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला नाही. "बघ, तूही तेच करते आहेस," तो म्हणाला. "पण तुझ्या हातात गिरमिट नाही, म्हणून चालतं."

तिथूनच, बर्फावर बसल्या बसल्या त्याने सहाही गावांना फोन लावले. प्रत्येकाला एकच वाक्य: "आमच्याकडे नऊ, कालचा आकडा माझा खोटा." संध्याकाळपर्यंत झेंडे उतरले. हेसेलने चार दिवस त्याला शिळा पाव दिला आणि वोब्बेने तो मुकाट्याने नेला. शनिवारी दहानंतर तळ्यावर खरंच धुकं उतरलं. मी खिडकीतून ते बघत बसले आणि मला रडू कोसळलं. रविवारी बर्फ विरघळायला लागला. सूप आम्ही ईस्टरपर्यंत खात होतो.

एप्रिलच्या सभेत वोब्बे उठला आणि म्हणाला, मी सोडतो. एकच गलका झाला. तोवर लोकांचा राग निवला होता. हेसेलच सगळ्यांत मोठ्याने बोलला, "एका चुकीपायी? आणि ती तूच तर निस्तरलीस!"

"या वेळी शुक्रवारी निस्तरली," वोब्बे म्हणाला. "पुढच्या वेळी रविवारी कळलं तर?"

हेसेल खाली बसला.

मग त्याने हिल्क्येकडे बोट दाखवलं. हिल्क्ये पस्तिशीची, दूध काढायची यंत्रं दुरुस्त करते. दहाव्या वर्षी हात मोडल्यापासून तिने स्केट घातलेले नाहीत. "ही घ्या," तो म्हणाला. "हिला बर्फ आवडत नाही."

"वोब्बेकाका, मला थंडी सोसत नाही हो!"

"झकास. पटकन मोजशील आणि घरी जाशील."

त्याने गिरमिट आणि वही तिच्या हातात दिली. आम्ही घरी निघालो तेव्हा त्याला हात कुठे ठेवावे ते समजत नव्हतं. खिशात घातले, काढले, परत घातले. मी म्हटलं, "बरं वाटतंय का?" तो म्हणाला, "नाही." आणि मला वाटलं, आता बर्फाचं नाव काढायचं नाही याच्यापुढे. नोव्हेंबरात मी माझ्या खिडकीतून बघितलं, तो तेलाची बाटली घेऊन पडवीत आला, गिरमिटाच्या रिकाम्या खिळ्यापुढे थांबला आणि मग ग्रीतच्या स्केटना तेल लावत बसला. कितीतरी वेळ.

या जानेवारीत पुन्हा आठ दिवस थंडी टिकली. काल पहाटे सगळं गाव काठावर जमलं होतं. वोब्बे आमच्यात होता. बर्फमास्तर झाल्यापासून तो काठावरच्या गर्दीत कधी उभा राहिलेला नव्हता. गळ्यात ग्रीतचे स्केट. हंसांच्या कोपऱ्याकडून हिल्क्ये एकटी चालत येताना दिसली, मफलरमध्ये नाकापर्यंत गुंडाळलेली, आणि कोणी तोंड उघडायच्या आत वोब्बे ओरडला:

"काय गं, पंधरा ना? असणार पंधरा! नीट मोजलंस का? नाहीतर शाळेत घाल त्या गिरमिटाला!"

गाव पोट धरधरून हसलं. हेसेल तर खोकायलाच लागला.

हिल्क्ये काठाशी आली. "अकरा, काका," ती म्हणाली.

हसणं थांबलं. वोब्बेने स्केट छातीशी धरले. "आणखी तीन दिवस थंडी राहिली तर? चार राहिली तर?"

"तेव्हा मोजू," हिल्क्ये म्हणाली आणि वही खिशात घालून घरी गेली.

वोब्बेच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते लपवत नव्हता. माझा दंड धरून म्हणाला, "सत्तावीस वर्षं मला असं ओरडायचं होतं, तेत्स्के."

आज पहाटे मी दार उघडलं तेव्हा तो स्केट गळ्यात घालून फाटकाशी उभा होता. काठावर जायला उशीर करते म्हणून मला बोलत होता.