यंत्राचं टोपडं

भोपाळमध्ये कुणाच्याही गच्चीवर जाता येणं हीच अपर्णाची नोकरी होती. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण महाराणा प्रताप नगरातल्या ज्या कंपनीत ती होती, तिथल्या इंजिनिअर मुलांनी महिनाभर दारोदार हिंडून जेमतेम दोन-तीन गच्च्या मिळवल्या होत्या. एका मोहल्ल्यात धो धो पाऊस आणि पलीकडच्या मोहल्ल्यात ऊन, असं हे शहर. तेव्हा अंदाजही मोहल्ल्यागणिक हवा, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्यासाठी घरोघरच्या गच्च्यांवर पाऊस-वारा मोजणारं एकेक यंत्र बसवायचं होतं. कंपनीचं नाव इंग्रजी आणि बोलायला अवघड, म्हणून सगळे तिला ‘मौसमवाले’ म्हणत.

अपर्णाचे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले आणि तिचं बालपण शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. नवरा अकाली गेल्यावर तिने एका कोचिंग क्लासच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली. तिथे तिचं काम एकच, चिडलेल्या आईबापांना फोनवर शांत करणं. तो आवाज ऐकूनच कंपनीच्या तरुण मालकाने, हर्षलने, तिला बोलावून घेतलं. तिने हळदीकुंकवाच्या आणि गणपतीच्या वर्गणीच्या ओळखी धरून उन्हाळा संपायच्या आत सगळ्या गच्च्या मिळवून दिल्या. निघताना प्रत्येक घरी ती एवढंच म्हणे, “लेकरासारखं जपा हं याला.” हे वाक्य लागू पडे, म्हणून ती ते सगळीकडे वापरी.

उंचावरच्या कोटरा सुल्तानाबाद मोहल्ल्याचं यंत्र सुमनकाकूंच्या गच्चीवर होतं. काकू क्वार्टरमधल्या जुन्या शेजारीण, अपर्णाच्या शाळेच्या वेण्या त्यांनी घातलेल्या. त्यांच्या घरात उघडी वस्तू सापडायची नाही. मिक्सरला खोळ, फ्रिजला खोळ, रिमोटला प्लॅस्टिक, आणि फोनला तर बटणं लावलेली कापडी पिशवी, त्यामुळे तो वाजला तरी बाहेर कुणाला ऐकू येत नसे. अशा बाईच्या हाती यंत्र दिल्यावर अपर्णा अगदी निर्धास्त होती.

पाऊस सुरू झाल्यावर तिच्याकडे दुसरं काम आलं, ते फोनचं. कोटऱ्याच्या उताराखाली नाल्यावर एक छोटा पूल बांधत होते. वर पाऊस पडला की थोड्याच वेळात खालचा नाला भरून धावे, आणि पुलाच्या पायासाठी खोदलेला खड्डा नाल्याच्या पात्रातच होता. ठेकेदाराने कंपनीशी करार केला होता. मजूर खड्ड्यात उतरण्याआधी मुकादम श्याम अपर्णाला फोन करी. कंपनीचं अॅप त्याच्याही मोबाइलमध्ये होतं, पण त्याचा भरवसा तिच्या आवाजावर. “मॅडम, उतरें?” तो विचारी. ती पडद्यावर कोटऱ्याच्या पावसाचा आकडा पाही आणि “उतरो” किंवा “रुको” म्हणे.

श्रावणात आठवडाभर छान उघडीप मिळाली. ठेकेदाराने खोळंबलेलं काम जोरात काढलं. कोटऱ्याचा आकडा रोज शून्य आणि तो खराही होता, कारण सगळ्या शहरातच थेंब नव्हता. त्या दुपारी जेवणं झाल्यावर श्यामचा फोन आला. अपर्णाने पडद्याकडे पाहिलं आणि तोंडातली सुपारी गालात सरकवत “उतरो” म्हणाली.

नंतर खिडकीच्या गजावर टाकलेली ओढणी उचलायला ती तिकडे गेली आणि पश्चिमेकडचं आभाळ तिला दिसलं. तिकडे सगळं काळंकुट्ट झालं होतं. ती परत पडद्याकडे आली. कोटरा, शून्य. वारा मात्र एकाएकी वाढलेला आणि पारा उतरलेला.

तिने हर्षलला दाखवलं. तो म्हणाला, ढग दिसतोय खरा, पण खालचं यंत्र कोरडं सांगतंय, म्हणजे तो न बरसताच सरकतोय. जवळच्या यंत्रावर जास्त भरवसा ठेवायचा, हाच तर आपला सगळा धंदा. शिवाय या महिन्यात दोनदा आपण काम थांबवलं आणि थेंबही पडला नाही, आता तिसऱ्यांदा थांबवलं तर ठेकेदार करार फाडेल. मुलगा वाईट नव्हता, पण त्याने आभाळ जितकं पडद्यावर पाहिलं होतं तितकं खिडकीतून पाहिलं नव्हतं.

अपर्णाने काकूंना फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पिशवीतला फोन आणि काकूंची वामकुक्षी, दोन्ही तिला डोळ्यांसमोर दिसत होती आणि दोन्हींचा संताप येत होता. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. अखेर काकूंचा झोपाळलेला आवाज आला.

“काकू, तुमच्याकडे पाऊस आहे?”

“अगं, कोसळतोय नुसता. अंगणात पाणीच पाणी. पण तू काळजी करू नकोस, तुझं यंत्र कोरडं ठणठणीत आहे. त्याच्या वरच्या नरसाळ्यात कबुतरांनी घाण केली होती, ती धुतली आणि वरून रेनकोटच्या कापडाचं टोपडं शिवून घातलं. नाड्या पण लावल्यात.”

अपर्णाने फोन तोडला आणि श्यामचा नंबर लावला.

श्यामचा फोन वाजत राहिला. खड्ड्यात उतरताना तो मोबाइल वर झाडाला टांगलेल्या पिशवीत ठेवतो, हे तिला माहीत होतं. शेजारी सिमेंट कालवायचं यंत्र घरघरत असणार, हेही माहीत होतं. हर्षल मागे येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा उतरला होता आणि तो ठेकेदाराला फोन लावत होता, पण तोही उचलत नव्हता. आपण “उतरो” म्हणालो म्हणून ती माणसं खाली आहेत, एवढी एकच गोष्ट अपर्णाच्या डोक्यात घणासारखी बसत होती. तिला रडू येत होतं आणि रडायला सवड नव्हती.

कितव्या वेळेला कोण जाणे, फोन उचलला गेला. मजुरांच्या पोळ्या लाटणारी लीलावती बोलत होती. दुसऱ्याच्या फोनला ती कधी हात लावत नसे, पण आज तो गप्प बसेना म्हणून तिने घेतला होता.

“सबको बाहर निकालो,” अपर्णा म्हणाली. “अभी. पानी आ रहा है.”

लीलावतीने विचारलं नाही की इथे तर ऊन आहे, कुठलं पाणी. ती ओरडत धावली, आणि फोन तिच्या हातात तसाच चालू राहिला. अपर्णाला शिडीचा खडखडाट ऐकू आला, शिव्या, कुणाचा तरी पाय घसरल्याचा आवाज. मग दुरून एक घुमणारा आवाज येऊ लागला आणि वाढत गेला. श्याम अजून खालीच होता. पाणी उपसायचा पंप वाचवायला तो थांबला होता. लीलावती त्याच्या नावाने टाहो फोडत होती, आणि मग त्या घुमण्यापुढे तिचाही आवाज ऐकू येईना.

अपर्णा फोन कानाला लावून उभी राहिली. हर्षल काहीतरी विचारत होता, तिने हात वर करून त्याला गप्प केलं.

“मॅडम,” धापा टाकत श्याम म्हणाला. “पंप गया. सीढ़ी गई. आदमी सब ऊपर हैं.”

तिने वळून हर्षलला सांगितलं, “सगळे वर आहेत.”

संध्याकाळी ती काकूंकडे गेली ती रागाने फणफणतच. तडक गच्चीवर जाऊन तिने त्या टोपड्याच्या नाड्या सोडल्या. टाके बारीक होते, कडेला नाजूक झालर होती. खाली येऊन तिने ते काकूंच्या पुढ्यात टाकलं आणि दुपारी काय झालं ते काहीही न गाळता सांगितलं. पावसाचं यंत्र भिजण्यासाठीच असतं, हेही सांगितलं.

काकूंनी टोपडं उचलून हातात घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “तूच म्हणाली होतीस ना गं, लेकरासारखं जपा.”

अपर्णाचा राग जागच्या जागी विझला. हे वाक्य तिने प्रत्येक गच्चीवर म्हटलं होतं. यंत्र उघडं राहू द्या, त्यात पाणी पडू द्या, हे मात्र एकाही घरी सांगितलं नव्हतं. पुढचे दोन दिवस ती शहरभर गच्च्या चढत होती. शिवाजी नगरात एका यंत्रावर छत्री बांधलेली सापडली.

नाला ओसरला, नवी शिडी आली. हर्षलने प्रोग्राममध्ये फरक केला होता आणि आता शून्यावर आंधळा भरवसा ठेवणार नाही म्हणाला. सकाळी श्यामचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता.

“मॅडम, उतरें?”

अपर्णाने पडद्याकडे पाहिलं. कोटरा, शून्य. तिने श्यामला थांबायला सांगितलं आणि दुसऱ्या फोनवरून काकूंना लावला. तो पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“मी वरच उभी आहे,” काकू म्हणाल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढून आल्याची धाप त्यांच्या आवाजात होती. “आभाळ स्वच्छ आहे. चहूकडे पाहिलं.”

अपर्णाने दोन्ही फोन दोन्ही कानांना धरले.

“उतरो,” ती श्यामला म्हणाली. “फोन जेब में रखना. काटना मत.”