ओढ्याकाठच्या ट्रॅकची पाच वळणं

"बोटी कुठं दाखवल्यात?" नगराध्यक्षांनी विचारलं.

टेबलावर माझा नकाशा पसरलेला होता. त्यात गावातून जाणारा ओढा होता, काठची झाडं होती, चालायची वाट होती, सायकल ट्रॅक होता. बोटी नव्हत्या. हा ओढा पावसाळ्यात कमरेइतका वाहतो, दिवाळीला घोट्याइतका. मार्चनंतर त्यात पाणी आहे की नुसती ओल, यावर वाद घालता येतो.

"साहेब, उन्हाळ्यात पाणीच नसतं," मी म्हणाले.

"मग पाणी दाखवा ना! नकाशात दाखवायला काय जातंय तुमचं?"

मी सिव्हिल इंजिनिअर. पुण्यात आमची छोटी फर्म आहे. गेली वीसेक वर्षं मी ओढ्या-नाल्यांची कामं करते. या कामाला ओढ्याचं पुनरुज्जीवन म्हणतात. म्हणजे गावानं ज्याचं गटार केलं त्याला पुन्हा ओढा करायचं, आणि कोनशिलेवर ज्यांनी गटार केलं त्यांचीच नावं लिहायची. हे गाव जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवेजवळ, हायवेला चिकटून वाढलेलं. नाव सांगत नाही. तिथल्या एका फायलीवर अजून सही व्हायची आहे.

बोटींनंतर कारंजं आलं. कारंज्यानंतर "दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत, खाली फरशी, एकदम चकाचक" आलं. मी समजावलं की ओढा काँक्रीटच्या पन्हाळीत घातला की पाणी जिरत नाही, नुसतं धावतं, आणि खालच्या आळीत घरात शिरतं. मग पूररेषा काय ते सांगितलं. मोठ्या पुरात पाणी जिथवर चढतं, तिथं नकाशावर मारलेली रेघ म्हणजे पूररेषा. तिच्या आत बांधकाम करायचं नसतं.

अध्यक्षांनी ती रेघ बोटानं चाचपली. "ही जरा अलीकडं घेता येईल का?"

त्यांचा प्लॉट त्या रेघेच्या आत होता, हे मला नंतर कळलं. मुख्याधिकारी शेजारी बसून मान डोलावत होते. सरकारनं नेमलेले हे गृहस्थ बदली येईपर्यंत मानच डोलावत असतात.

मी हे सगळं ऐकून घेत होते ते कविता मॅडममुळे. कविता मॅडम गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतात. सर्व्हेच्या पहिल्याच दिवशी त्या ओढ्यापाशी आल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या मुली हायवेच्या कडेनं सायकलवर शाळेत येत. आदल्या वर्षी टोमॅटोच्या पिकअपनं एका मुलीला उडवलं. जीव वाचला, पाय मोडला. त्यानंतर अकरा मुलींना घरच्यांनी शाळेतून काढलं. मॅडम अकरा घरी जाऊन बसल्या. ओढ्याच्या काठानं रस्ता होतोय, जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पोरींना हायवेवर पाय ठेवावा लागणार नाही, असा शब्द त्यांनी दिला.

"तुम्ही मला न विचारता माझ्या वतीनं शब्द दिलात," मी म्हणाले.

"हो. आता तुम्ही तो पाळा."

अशी माणसं मला फार आवडतात. त्रासही तीच फार देतात.

तर बोटी गेल्या, कारंजं गेलं, काँक्रीट गेलं. त्या बदल्यात अध्यक्षांच्या नावाची कमान आली. काठाला गॅबियन घातले. गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीत भरलेले दगड. ते माती धरून ठेवतात आणि पाणी मुरू देतात. राडारोडा उचलला, तिथं निर्गुडी आणि वाळुंज लावली. महिन्याभरात खंड्या येऊन बसायला लागला. मला मनापासून आनंद झाला. अध्यक्षांनी विचारलं, हा पक्षी बजेटच्या कुठल्या हेडमधून आणला.

ट्रॅकचा शेवटचा तुकडा ओढ्यापासून शाळेपर्यंत चढत जाणारा. शाळा उंचावर. सायकल न उतरता चढवता यावी म्हणून मी एकास वीसचा चढ दिला, म्हणजे वीस मीटर गेलात की एक मीटर वर. पुण्यातल्या एसी ऑफिसात बसून स्क्रीनवर एक रेघ मारली. सरळ, रुंद, लांबलचक. त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवला. एप्रिलच्या सुरुवातीला काम झालं. मी स्वतःवर खूश होते.

चार दिवसांनी सकाळी मॅडमचा फोन आला. "तुमच्या ट्रॅकवर बैल पळतायत."

"हाकलून द्या ना मग."

"ते साधे बैल नाहीत. तुम्ही या."

गेले. शाळेच्या कुंपणावर, झाडांवर, कमानीखाली माणसं उभी. खालून आरोळी उठली आणि माझ्या सायकल ट्रॅकवरून गाडा सुसाट वर आला. वरच्या टोकाला एकजण स्टॉपवॉच घेऊन उभा होता. तो ओरडला, "झाली रं बारी!"

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. आमच्या भागात बैलगाडा शर्यत ज्या मैदानावर होते त्याला घाट म्हणतात. बैलांची एक धाव म्हणजे एक बारी. घाट सरळ लागतो, रुंद लागतो, कडक लागतो आणि शेवटाकडे हळूहळू चढता लागतो. म्हणजे पळून आलेले बैल आपोआप सावकाश होतात. मी नेमकं हेच बांधून दिलं होतं. प्रत्येक गावात यात्रेपुरता घाट असतो. रोज सरावाला, रोलर फिरवलेला, वर कमान असलेला घाट दोन तालुक्यांत कुणाकडे नव्हता.

मी पाटी लावली: फक्त सायकल आणि पादचाऱ्यांसाठी. दुसऱ्या दिवशी त्या पाटीला बैल बांधलेला होता.

अध्यक्षांकडे गेले. ते इतके खूश होते की त्यांनी स्वतः चहा सांगितला. "मॅडम, आधी सांगायचं ना घाट करताय म्हणून! मी उगीच बोटी बोटी करत बसलो."

"साहेब, तो मुलींच्या सायकलींचा रस्ता आहे."

"पोरींना मत हाय का? गाडामालकांच्या घरात धा-धा मतं हायत."

मी मुख्याधिकाऱ्यांकडे वळले. त्यांनी फाईल उघडली. "मॅडम, तुमच्याच रिपोर्टात ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्ट लिहिलंय. म्हणजे इंजिनाशिवाय, अंगमेहनतीनं होणारी वाहतूक. बैल त्यात बसतो की."

वीस वर्षांत मला इतकं चोख उत्तर कुणी दिलं नव्हतं. मी चहा पिऊन बाहेर आले.

मे निम्मा संपला. आता मॅडमचा आवाज फोनवर चढायला लागला होता. एका मुलीच्या बापानं त्यांना विचारलं होतं, हायवेवर पिकअप आणि इकडं बैल, मग पोरगी कुठनं घालू? शेवटी आम्ही दोघी सोपानतात्यांकडे गेलो. तात्या म्हणजे गाडामालकांतले सगळ्यात जाणते. गोठ्यात बैलाला खरारा करत होते.

"तुमी कुठल्या, ताई?"

"डिंगोऱ्याची."

"डिंगोऱ्यात कोणाच्या?"

चुलत्यांचं नाव सांगितलं. तात्यांच्या हातातला खरारा थांबला. "आँ? त्यांचा गाडा तर दोन तालुक्यांत गाजल्याला. आन् त्यांच्या पुतणीला घाट वळखू आला न्हाई?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. लहानपणी मी चुलत्यांच्या खांद्यावर बसून बाऱ्या बघितल्या होत्या. ऑफिसात रेघ मारताना त्यातलं काहीही आठवलं नाही. रेघ मारणारी बाई शिकलेली होती ना.

"तात्या, गाडे बंद करा," मॅडम म्हणाल्या. "तुमची नातही आमच्याच शाळेत आहे."

"हाय ना. मलाबी काळजी हाय. पर मी बंद करा म्हणलो, तर चार लोकं म्हणतील तात्याचं बैल दमलं. आन् मी थांबलो तरी दुसरा पळवील. सरळ घाट दिसला की हात शिवशिवत्यात, राव." त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाड्याला वळान चालत न्हाई. सायकलीला चालतं. आता येवढं तरी कळतं ना इंजिनेर बाईला?"

कळलं.

मंजूर कामात बदल करायचा तर त्याला व्हेरिएशन म्हणतात. त्याला कारण लागतं आणि सही लागते. कारण मी लिहिलं: वृक्षसंरक्षणार्थ मार्ग वळविणे. एक वळण करंजाला घातलं, दुसरं उंबराला. तिसऱ्या वळणाला झाड नव्हतं. मग आधी झाड लावलं आणि नंतर त्याचं संरक्षण केलं.

सही अध्यक्षांची. त्यांना बैल नाराज करायचे नव्हते. मी बैलांचं नावच काढलं नाही. म्हणाले, "साहेब, सरळ रस्त्यावर एकच बोर्ड लागतो. वळण असलं की माणूस थांबतो, बघतो. प्रत्येक वळणावर तुमच्या फोटोचा बोर्ड लावता येईल."

"किती वळणं हायत?"

"तीन."

"पाच करा."

पाच केली. रस्ता खोदून पुन्हा आखायला, मुरूम दाबायला जून पुरला नाही. शाळा उघडली, आमचा रोलर फिरतच होता. गाडामालकांनी थोडी कुरकुर केली. तात्या सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले, "वाटोळं केलं बाईनी घाटाचं!" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पडीक रानात फळी फिरवून सरावाची जागा केली.

जुलैमध्ये उद्घाटन झालं. अध्यक्षांनी नारळ फोडला आणि पहिली सायकल आपण चालवणार असं जाहीर केलं. गळ्यात हार, समोर कॅमेरे. चार वळणं नीट घेतली. पाचव्या वळणावर ते स्वतःच्या फोटोकडे बघत राहिले आणि सरळ निर्गुडीत गेले. कपाळाला खरचटलं, बाकी अंगाला चिखल. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात बातमी होती: नगराध्यक्षांनी केली ओढ्याची प्रत्यक्ष पाहणी.

पाहुणे जेवायला गेले. मग वस्तीकडून मुली आल्या. एकीमागं एक, दप्तरं पाठीला, पाचही वळणं सहज घेत. पाय मोडलेली मुलगी मधे होती, तिचा वेग सगळ्यांत जास्त. कविता मॅडम शाळेच्या फाटकात उभ्या राहून मोजत होत्या. मी शेजारी. मला रडू येईल असं वाटत होतं आणि आलंही थोडं.

"दहा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या. "मनीषा कुठंय?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकजण म्हणाली, "ती टोमॅटो तोडायला जाती, मॅडम. शाळा उघडली तवा रस्ता नव्हता ना. तिचा बाप म्हणला, आता ऱ्हाऊ दे."

आम्ही दोघी संध्याकाळी तिच्या घरी गेलो. मॅडम नंतरही चार वेळा गेल्या. ती परत आली नाही. मी रेघ नीट विचारून मारली असती तर एप्रिलमध्येच रस्ता झाला असता. हे अध्यक्षांवर ढकलता येत नाही, बैलांवर तर नाहीच.

त्या कामाला पुढे बक्षीस मिळालं. "स्थानिक वृक्षांचा मान राखणारी वळणदार आखणी" असं त्यात लिहिलं होतं. अध्यक्षांनी ते हसत घेतलं. मीही टाळ्या वाजवल्या.

आता नव्या गावात गेले की नकाशा उघडण्याआधी मी एकच प्रश्न विचारते, तुमच्याकडे काय पळवतात? ऑफिसातली ज्युनिअर मंडळी हसतात. मनीषाचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.