आधी लिवा, मंग अंगठा

लोकांच्या सहभागातून गावं सुधारायची, हे आमच्या संस्थेचं काम. त्या सहभागाचा कागद तयार करणं, हे माझं. दर्यापूरकडच्या खाऱ्या पाण्याच्या गावात बैठक असली, की तिचा ठराव मी आदल्या दिवशीच शहरात, राजापेठेतल्या घरी बसून लिहायचो. शेवट ठरलेला: 'सर्वानुमते मंजूर'. आमच्या घरी भाजीसुद्धा कधी सर्वानुमते ठरलेली नाही.

गावात पोचलं की आधी रजिस्टरच्या कोऱ्या पानावर सह्या-अंगठे, मग चहा, मग भाषण. ठराव त्या पानावर नंतर उतरवायचा.

एका गावात गोड्या पाण्याची टाकी बसवायची होती. देवळापाशी, असं सरपंचांनी आणि मी फोनवरच ठरवलेलं. बैठकीत पलीकडच्या वस्तीतली एक म्हातारी कंबर धरून उठली. "देवाले तहान लागली का, भाऊ? आमी डांबरी रस्ता ओलांडून हंडे आणून राहिलो. टाकी आमच्याकडं पाह्यजे."

लोक हसले. मीही हसलो. "नोंद घेतो, मावशी."

घेतली. ठरावाला पाठिंबा देणारी बाई असली की वरचे साहेब खूश होतात. मी त्या म्हातारीचंच नाव टाकलं. अंगठा होताच.

टाकी देवळापाशी बसली. मी फोटो काढायला गेलो, तर तिनं माझ्याकडचं रजिस्टर मागून सुनेकडून वाचून घेतलं.

"तुमी पाठिंबा देला म्हणते इथं, आत्याबाई."

म्हातारी माझ्याकडे वळली. "काहून बे? अंगठा माहा अन् जीभ तुही?"

खोडता आलं असतं. पण खाडाखोड पाहून वरून टाकीची फाइल परत आली असती, माझं काम वाढलं असतं. म्हणून खोडलं नाही. याहून बरं कारण मी पुष्कळ शोधलं.

पुढच्या बैठकीत रजिस्टर फिरून कोरंच परत आलं. "आधी लिवा, मंग अंगठा," ती म्हणाली. बाकीच्या बायकाही हात पदराखाली घेऊन बसल्या. मी लिहिलं, सुनेनं मोठ्यानं वाचलं, म्हातारीनं दोनदा बदलायला लावलं. तीन तास गेले. लोकसहभागावर मी प्रशिक्षणं देतो. तो खरोखर झाला तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

वस्तीत नळ द्यावा, असा तो ठराव. तो घेऊन मी कार्यालयात खेटे घालतो आहे. गावात गेलो की म्हातारी विचारते, "झालं का?"

"नाही, मावशी."

"मंग धर हंडा."

मी भरलेला हंडा घेऊन रस्ता ओलांडतो. निम्मं पाणी पँटवर सांडतं. बायका फिदीफिदी हसतात, आणि म्हातारी म्हणते, "सांडू नको रे, ते प्याचं हाये."