नाव घातलेला डबा

देवळाला पंखा दिला की पंख्याच्या पात्यावर आपलं नाव घालून घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. पंखा फिरत असेपर्यंत ते नाव कुणाला वाचता येत नाही, पण वीज गेली की अख्खं देऊळ वाचतं, आणि सोलापुरात वीज जातेच. मी ज्या कामासाठी लोकांकडून पैसे घेते त्या कामाला मात्र असा पात्यावरचा दाता एकही मिळालेला नाही. सगळे गुप्तदानवाले. एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ते पाकीट देण्याआधी दार लावून घेतात. एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या मला पेशंट म्हणून आत बोलावतात, रक्तदाब तपासतात आणि मग पैसे देतात. रक्तदाब दर वेळी वाढलेलाच निघतो.

मी वकील. पोट भरतं ते अपघाताचे दावे, जमिनीच्या वाटण्या आणि घटस्फोट यांवर. त्यातून वेळ काढून मी दुसरे खटलेही चालवते. ज्या मुलांना मुलगे आवडतात, ज्या मुलींना मुली आवडतात, ज्यांना जग एक समजतं आणि जे आतून वेगळेच असतात, अशांचे. त्यांच्याकडून फी घेता येत नाही, कारण घरातून निघताना बहुतेकांच्या अंगावर कपडे आणि हातात फोन, एवढंच असतं. कोर्टाचा खर्च, प्रवास, राहणं, जेवणखाण हे सगळं त्या दार लावून देणाऱ्यांवर चालतं. मीही त्या मुलांतलीच आहे, आणि कोर्टात हे कुणालाही माहीत नाही. तेव्हा भित्रेपणावरून माझ्या दात्यांना हसायचा मला काही अधिकार नाही.

या सगळ्यांत जास्त देणारी बाई शुक्रवार पेठेत राहते. गल्लीत सगळे त्यांना अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणतात, म्हणून मीही म्हणते. घर कानडी-मराठी, धान्याच्या अडतीचं. नवरा गेल्यावर अडत आणि घराचा कारभार, सगळंच वेगळं राहणाऱ्या पुतण्यांकडे गेलं. वारस दाखल्याच्या निमित्तानं त्या माझ्याकडे पहिल्यांदा आल्या. काम झालं तरी उठेनात. मग एकदम म्हणाल्या, ‘‘असल्या पोरांच्या केशी तुमी घेता म्हणं.’’

‘‘घेते.’’

‘‘आमचा पोरगा तसलाच व्हता.’’

त्यांच्या मुलाची गोष्ट अर्ध्या बाजाराला माहीत होती, मीही ऐकून होते. एकुलता एक. तो नको नको म्हणत असताना घरच्यांनी लग्न ठरवलं. पत्रिका वाटून झाल्या. पाहुण्यांना द्यायला स्टीलचे डबे आणले आणि प्रत्येकाच्या झाकणावर नवरानवरीची नावं मशीननं ठिपक्या-ठिपक्यांनी घालून घेतली. हळद लागायच्या आधीच त्यानं जीव दिला. डबे तसेच राहिले. मोडीत घाला म्हणून सगळ्यांनी सांगितलं, अव्वांनी घातले नाहीत. त्यांच्या घरात डाळ, साखर, कुरडया, सगळं आजही त्याच डब्यांतून असतं.

त्या दिवशी पदराआडून एक पुडकं काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. ‘‘जमंल तसं देत जाईन. पर माजं नाव कुटं येऊ देऊ नका. त्याचंबी न्हाय. पुतण्यांना कळलं तर मला घरात ऱ्हाऊ द्यायचे न्हाईत.’’

मी शब्द दिला.

त्यानंतर एकमेकींवर जीव असलेल्या माढ्याकडच्या दोन मुली आल्या. एक बार्शीला नर्सिंग शिकत होती, दुसरी तिथंच एका कापड दुकानात कामाला होती. दोघी सज्ञान. नर्सिंगवालीचं लग्न ठरवायला घेतलं तेव्हा त्यांनी सोलापूरची एसटी पकडली. घरच्यांनी बेपत्ताची तक्रार दिली आणि गावात उघड सांगितलं, की सापडल्या की उसाच्या फडात गाडून टाकू. मी कोल्हापूरला हायकोर्टाच्या सर्किट बेंचपुढं संरक्षणासाठी याचिका केली. तारीख मिळाली मंगळवारची. तोवर दोघींना जिवंत ठेवायचं, एवढंच माझं काम होतं. लॉजवर ठेवावं तर तिथं आधार कार्ड मागतात. माझं घर मुलींच्या घरच्यांनी आधीच हेरलेलं असणार, कारण याचिकेवर वकील म्हणून माझंच नाव होतं. अव्वांना विचारलं तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘‘वरची खोली रिकामीच हाय की. त्याचीच हाय ती.’’

शनिवारी सकाळी एका प्रतिज्ञापत्रावर सह्या घ्यायला मी तिथं गेले होते. निघताना अव्वांनी माझ्या हातात डबा कोंबला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ऑफिसात आल्यावर मी खाल्लं आणि रिकामा डबा टेबलावरच ठेवला. आपल्याकडं भांड्यावरचं नाव कुणी वाचत नाही. भांडं हरवलं, शेजारच्या घरी राहिलं, लग्नकार्यात सरमिसळ झाली, तरच वाचतात. मी इतक्या वेळा तो डबा नेलाआणला होता, पण त्यावर काय लिहिलंय हे कधी मनावर घेतलं नव्हतं.

दुपारी नर्सिंगवालीचा चुलता आला.

दांडगा मिशाळ माणूस येईल अशी माझी कल्पना होती. आला तो साधा, किडकिडीत, पायात बूट, खिशात दोन फोन. नमस्कार करून बसला. पाणी मागितलं, प्यायला. आरडाओरडा करणाऱ्यांची मला भीती वाटत नाही, कोर्टात रोज ऐकते. हा इतक्या हळू बोलत होता की मला पुढं वाकून ऐकावं लागत होतं.

‘‘मॅडम, पोरगी कुटं हाय तेवढं सांगा. आमी काय करत न्हाय.’’

‘‘मंगळवारी कोर्टात येईल. तिथं विचारा.’’

‘‘कोर्टात आली म्हंजे गावात त्वांड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय बगा. भाईर गाडीत माझं भाऊ बसल्यात. त्यांचं डोकं गरम हाय. मीच एकटा आलो वर, म्हणलं बाईमाणसाशी नीट बोलावं.’’

मी कायदा सांगायला लागले. सज्ञान, स्वेच्छा, मूलभूत हक्क. तो मान हलवत होता आणि त्याचं बोट डब्याच्या झाकणावर फिरत होतं. मग त्यानं झाकण स्वतःकडं फिरवलं आणि वाचलं. ओठ हलवत, एकेक अक्षर.

‘‘ह्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी आली व्हती,’’ तो म्हणाला. ‘‘आमची तूर, ज्वारी सगळी ह्यांच्याच अडतीला जाती. लगीन काय झालं न्हाय.’’

चेहरा कोरा ठेवायची सवय असलेली मी, पण त्या वेळी चेहऱ्यावर काय दिसलं असेल ते त्यालाच माहीत.

‘‘अव्वा एकटीच असती नव्हं आता? वरची खोली मोकळीच असंल.’’ तो उठला. डबा त्यानं काखेत मारला. ‘‘मीच पोचवतो हा. वाटंतच हाय.’’

तो जिना उतरून गेला तरी मी बसूनच होते. मग फोन लावला. अव्वांचा फोन देवघरात ठेवलेला असतो आणि त्यांना तो ऐकू येत नाही. मुलींचे फोन मीच बंद करायला लावले होते, माग लागू नये म्हणून. माझी हुशारी माझ्याच गळ्यात आली.

स्कूटर काढली. सरळ जावं तर मागून कुणी येत असलं तर त्याचा अंदाज मीच खरा ठरवणार. फिरून जावं तर तोवर तो पोचणार. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तसं झालं. मागची प्रत्येक मोटारसायकल माझ्याच मागं आहे असं वाटत होतं. एक दूधवाला बराच वेळ मागं राहिला, तर मी गल्लीच्या तोंडाशी थांबून त्याला पुढं जाऊ दिलं. तो माझ्याकडं बघून हसला. मला त्याच्या हसण्याचीही भीती वाटली.

अव्वांच्या दारात गाडी नव्हती. दार अव्वांनीच उघडलं. कुणी आलं नव्हतं. वर जाऊन पाहिलं तर दोघी पलंगावर बसून वाटाणे सोलत होत्या. मी काय झालं ते सांगितलं आणि नर्सिंगवालीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

‘‘काका हळू बोलत होता का?’’ तिनं विचारलं.

‘‘हो.’’

‘‘मग लई चिडलाय तो.’’

त्यांना दुसरीकडं हलवायला हवं होतं. मी मुख्याध्यापकांना फोन केला, त्यांच्याकडं जावई आले होते. डॉक्टरीणबाईंना केला, त्या म्हणाल्या, ‘‘अगं, पैसे कितीही सांग, पण घरी नको. माझी सासू आहे गं घरात.’’ आणखी दोघांना केला. पैसे मागितले असते तर सगळ्यांनी दिले असते. मला राग आला, मग वाटलं, माझ्या घरात दुसऱ्या कुणाच्या भानगडीतली माणसं आणून ठेवली असती का मी? पोलिसांना कळवावं तर दारात पोलीस उभे राहिले की पुतण्यांना कळणार, आणि मग अव्वाच रस्त्यावर.

‘‘हेदरब्याड,’’ अव्वा कानडीत म्हणाल्या. भिऊ नको, असं त्या नर्सिंगवालीला सांगत होत्या, पण बघत माझ्याकडं होत्या.

मी मुक्काम तिथंच केला. दाराला कडी, कडीमागं अडसर. झोप कुणालाच आली नाही, त्याबद्दल जास्त काय सांगायचं.

रविवारी उन्हं वर आल्यावर कडी वाजली. जोरात नाही, शेजारचं कुणी विरजण मागायला यावं तशी. मी दोघींना वर पिटाळलं आणि दाराआड उभी राहिले. हातात काहीतरी हवं म्हणून पोळपाटावरचं लाटणं घेतलं होतं, ते आठवलं की आता हसू येतं. अव्वांनी बोटभर दार उघडलं.

‘‘अव्वा, डबा,’’ त्याचा हळू आवाज आला. ‘‘रिकामा कसा द्यायचा म्हणून ठिवून घेतला काल. पोरीच्या आयनं दिलंय.’’

अव्वांनी डबा घेतला. तो गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेल्याचा आला, आणि मग गल्लीतला रोजचा आवाज परत ऐकू यायला लागला.

डबा उघडला. धपाटी. वर तीळ, मधोमध बोटानं पाडलेली भोकं, फडक्यात बांधलेली, शेजारी लोण्याची वाटी. वरून उतरून आलेल्या नर्सिंगवालीनं ती भोकं पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. ‘‘आईच अशी मधी पाच पाडती,’’ ती म्हणाली, आणि तिचा हात डब्यात गेला.

मी तिचं मनगट धरलं.

घरच्यांनीच जेवणात विष घातल्याच्या बातम्या आम्ही सगळ्यांनी वाचलेल्या होत्या. दुसरी मुलगी भिंतीकडं सरकली. केलं आईनं असेल, पण माढ्यापासून शुक्रवार पेठेपर्यंत तो डबा किती हातांतून आला होता! माझं वकिली डोकं चालायला लागलं. डबा सील करायचा, पंचनामा करायचा, तपासणीला द्यायचा. हे सगळं मी मोठ्यानं बोलत होते असं मला नंतर कळलं. ती मुलगी माझ्याकडं बघत नव्हती. ती धपाट्यांकडं बघत होती, आणि तिचं मनगट अजून माझ्या मुठीत होतं.

अव्वांनी डबा पुढं ओढला. झाकणावरच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, मुलाच्या नावावरून, मग त्या दुसऱ्या मुलीच्या नावावरून, जी आता कुठंतरी नांदत असेल.

‘‘नाव कुटं येऊ देऊ नका म्हणलं व्हतं मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता आलंच की. जाऊ दे.’’

आणि त्यांनी धपाट्याचा मोठा तुकडा मोडला, लोण्याला लावला आणि तोंडात घातला.

‘‘अव्वा!’’

‘‘ओरडू नका. दिवेलागणीपत्तर मला काय झालं न्हाय तर मग ह्या पोरींनी खावं. माजं पोरगं त्या शेवटच्या राती उपाशी निजलं तवा मी त्याच्या दाराभाईर उबी ऱ्हायले व्हते, वकीलबाई. आता न्हाय ऱ्हायची.’’ त्या शांतपणे चावत होत्या. आम्ही तिघी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. आयुष्यात मी इतकी कधी भ्याले नाही, अगदी त्या चुलत्यासमोरही नाही. बाईनं आजवर दिलेलं सगळं मी घेत आले होते, हे मात्र मला नको होतं.

‘‘कशी झाल्यात?’’ नर्सिंगवालीनं विचारलं.

‘‘चांगली हाईत. मीठ जरा जास्त पडलंय.’’

‘‘आईचं पडतंयच,’’ ती म्हणाली. तिनं माझ्या मुठीतून मनगट सोडवून घेतलं, अव्वांच्या हातातलाच उरलेला तुकडा घेतला आणि खाल्ला. मग दुसरी पुढं सरकली.

मंगळवारी कोल्हापूरला दोघींना संरक्षण मिळालं. चुलता मागच्या बाकावर बसून होता, आदेश झाल्यावर उठून गेला. अव्वांच्या पुतण्यांना कुणी सांगितलं का, कधी सांगेल का, हे मला आजही माहीत नाही. त्यांची कडी वाजली की मी अजून दचकते.

पण त्या रविवारी मी एकटीच न खाता दिवेलागणीपर्यंत थांबले. अव्वांनी देवापुढं दिवा लावला, वळून माझ्याकडं पाहिलं आणि डबा पुढं केला. एकच धपाटं उरलं होतं. मी खाल्लं. मीठ खरंच जास्त होतं.