पेवातली फटफटी

बोलता बोलता आप्पा उजव्या हाताची मूठ पिळायचे. समोर शेतकरी असो, पाहुणा असो की मठातले स्वामी, वाक्य अर्ध्यावर थांबायचं, मूठ हवेत धरली जायची आणि मनगट सावकाश आत वळायचं. नवख्या माणसाला वाटायचं, यांना वाताचा त्रास आहे. कुणी कुणी तेलही सुचवायचे. आम्ही ओळखीचे मात्र गप्प बसून वाट पाहायचो, कारण त्या घडीला आप्पा येरमाळ्यात नसायचे. ते फटफटीवर बसून बार्शीच्या रस्त्याला लागलेले असायचे. जरा वेळानं परत यायचे आणि विचारायचे, "हां, मंग काय म्हनत हुतो म्या?"

फटफटी त्यांच्याकडे नव्हती. अख्ख्या गावात नव्हती. निजामाच्या राज्यातलं आमचं येरमाळा तेव्हा बैलगाडीच्या चालीनं चालायचं आणि आप्पा तर त्याहूनही हळू. जाडजूड देह, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, खांद्यावर उपरणं. धान्याची आडत होती. ज्वारीचा ढीग समोर आला की मूठभर दाणे हातात घेऊन इतका वेळ बघत राहायचे, की शेतकरी तिथंच डुलकी काढायचा. त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर माझं शिलाईचं मशीन होतं, त्यामुळं हा माणूस मी रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पाहत असे. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, जे दिसतं एका जागी आणि असतं भलतीकडंच.

हे वेड लागलं कुठून, ते त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल! तरुणपणी ते धान्याच्या गाड्या घेऊन बार्शीला जात. बार्शी इंग्रजी मुलखात. आमची हद्द संपली की करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, आणि नाक्यापलीकडं रस्ता जरा बरा. तिथं एक गोरा साहेब शर्यतीची फटफटी घेऊन झाडाच्या सावलीला थांबला होता. आप्पांनी त्याला तांब्याभर पाणी दिलं. साहेबानं खुशीनं त्यांना गाडीवर बसवलं. फक्त बसवलं, फिरवलं नाही. उतरताना पोटरी तापल्या नळकांड्याला लागली आणि चांगला चट्टा उठला. तो चट्टा आप्पा धोतर वर करून अशा थाटात दाखवायचे, जसं दुसरं कुणी इनामाची सनद दाखवील.

"साधी न्हवं, शर्यतीची हुती," ते म्हणायचे. "हँडल असं खाली. टाकीला गुडघं टेकाय जागा. बसलं की मानूस आपसूक म्होरं वाकतंय."

वडील होते तोवर फटफटीचं नावही काढता येत नव्हतं. म्हाताऱ्याचं म्हणणं होतं, आडत्यानं पळताना दिसू नये. पळणाऱ्याच्या हवाली लोक आपलं धान्य करत नाहीत. वडील गेले, तर लढाई सुरू झाली आणि पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं. आप्पा मूठ पिळत राहिले. कुणी छेडलं तर ठरलेलं उत्तर, "येनार हाय की."

एकदा तर त्यांनी कमालच केली. वर्तमानपत्रात आलेलं कुठल्याशा फटफटीचं चित्र घेऊन माझ्याकडं आले. "हिला खोळ शिवा. जाड कापड घ्या, धूळ बसाय न्हाय पायजे."

"आप्पा, गाडी कुठाय?"

"येनार हाय की."

मी चित्रावरून अंदाजानं मापं काढली आणि खोळ शिवली. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, दुकानामागच्याच घरातून म्हणाल्या, "लेकरू व्हायच्या आदी झबलं शिवू नी म्हनत्यात. ह्यांनी खोळ शिवली." त्या घरात झबलं शिवायची वेळ कधी आलीच नव्हती. आप्पांनी खोळीची घडी घातली आणि ती ट्रंकेत ठेवून दिली.

लढाई संपली. सोलापुरातला एक साहेब कायमचा विलायतेला निघाला होता आणि त्याची फटफटी विकायची होती, असं एका दलालाकडून आप्पांना कळलं. शर्यतीचीच. आप्पा सोलापूरला गेले ते बरेच दिवस आलेच नाहीत. तिथं राहून चालवायला शिकत होते, हे मागाहून समजलं. जाण्याआधी त्यांनी माझ्याकडून विजार शिवून घेतली होती, जन्मात पहिल्यांदा. माप देताना लाजेनं इतके आक्रसून उभे राहिले, की ती विजार पुढं त्यांना घट्टच झाली.

परत आले ते दिसायच्या आधी ऐकू आले. बाजाराचा दिवस होता. कुत्री भुंकत सुटली, बैलांनी दावी ताणली, माणसं दुकानं सोडून रस्त्यावर आली. आप्पा आडतीसमोर थांबले, खाली उतरले, तरी त्यांच्या हातून हँडल सुटेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "रस्त्याला लई धूळ हाय," ते म्हणाले. माझी खोळ गाडीला तोकडी पडली. मागचं चाक उघडंच राहायचं. मी वाढवून देतो म्हटलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तिलाबी जरा वारं लागू द्या."

मला मागं बसवून त्यांनी बार्शीच्या रस्त्यानं नेलं, तो दिवस मी कसा विसरेन! बसण्याआधी त्यांनी चपला काढून पिशवीत टाकल्या, टाकीला हात लावून तो कपाळाला लावला. मला वाटलं, हा माणूस ज्वारी बघतो तशीच गाडी चालवणार. मग वेस संपली आणि त्यांनी मूठ पिळली. बाभळी भराभरा मागं जायला लागल्या. उपरणं उडालं, ते थांबले नाहीत. पटका उडाला, तरी थांबले नाहीत. टाकीवर वाकून ते मोठमोठ्यानं काहीतरी ओरडत होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मी डोळे मिटून येडेश्वरीला नवस बोललो. नाक्याजवळ थांबल्यावर विचारलं, "आप्पा, काय सांगत होता?"

"काय न्हाय," ते म्हणाले. "नुसतंच वरडत हुतो. लई सालं वरडायचं ऱ्हाऊन गेलं हुतं."

इतका सुखी माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि त्यानंतरही क्वचितच पाहिला. नाक्यावरचा जमादार बाहेर येऊन गाडीभोवती फिरला, टाकीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "क्या चीज लाए, शेटजी! इसके सामने मेरा घोडा गधा दिखता." आप्पांनी त्यालाही थोडं फिरवून आणलं.

अक्का तेवढ्या बसायला तयार नव्हत्या. त्यांचं माहेर बार्शीचंच. आप्पा किती वेळा म्हणाले, चल, घटकेत पोचवतो. पण लोक काय म्हणतील, हे एकच पालुपद. आप्पा कधी रागावले नाहीत. ते एकटेच निघायचे आणि परत येताना बार्शीहून अक्कांच्या आईची खुशाली घेऊन यायचे.

हे सुख फार टिकलं नाही. बार्शीकडं स्वराज्य आलं, आमच्याकडं निजामच राहिला. हद्द आवळली गेली. मीठ येईना, रॉकेल येईना, पेट्रोलचं तर नावच नको. आप्पांच्या टाकीत निम्मंअर्धं पेट्रोल उरलं होतं, ते त्यांनी तसंच राखलं. आणि मग सुरू झाला तो प्रकार, ज्याला सारं गाव हसलं. गावाबाहेर माळावर एक लांब उतार आहे. आप्पा बैलजोडी लावून फटफटी उताराच्या टोकाला ओढून न्यायचे, बैल सोडायचे आणि इंजिन न लावताच खाली सुटायचे. खाली पोचले की त्यांचा जुना गडी पुन्हा बैल घेऊन हजर.

"आप्पा, आवाज कुटं गेला?" कुणीतरी टोमणा मारायचं.

"आवाज गेला, पर वारं तर तेच हाय की."

मीही हसायचो. मग एकदा उताराच्या खाली जाऊन उभा राहिलो. गाडी हळूहळू मंद होत थांबायला लागली, तेव्हा आप्पांचा चेहरा असा काही पडला, की पुन्हा मला त्या प्रकाराला हसता आलं नाही.

त्यातच बार्शीला अक्कांच्या आईनं अंथरूण धरल्याचं कुणाकडून तरी कळलं. नाका बंद, जाणार कशा? अक्का चुलीपाशी बसून डोळे पुसायच्या. एके दिवशी आप्पा आत ऐकू जाईल असं ओट्यावरून म्हणाले, "नाका उगडू दे. राखलेलं पेट्रोल तुजंच हाय. पयली फेरी तुज्या म्हायेराला."

आतून अक्का म्हणाल्या, "बसंन म्या. पर दमानं चालवा."

त्या दिवसापासून आप्पांनी उतारावर जाणंही बंद केलं. टायर झिजतील, म्हणाले. जन्मभर त्यांनी गाडीची वाट पाहिली होती. आता गाडी दारात होती आणि ते नाक्याची वाट पाहत होते.

पुढं दिवस आणखी वाईट आले. निजामाच्या बाजूचे हत्यारबंद जथे गावोगाव फिरू लागले. गाडी, घोडा, जे दिसेल ते ओढून नेत. एकदा तो नाक्यावरचा जमादार ज्वारी बघायच्या निमित्तानं आडतीत आला आणि दाणे चाळता चाळता हळूच बोलला, "शेटजी, गाडी कू कहीं छुपा देव. लोगां पूछते फिररे." एवढं बोलून ज्वारी न घेताच निघून गेला.

आप्पांच्या मळ्यात एक पेव होतं. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खोल खणलेला खड्डा; वर माणूस उतरेल एवढं तोंड, आत घागरीसारखा रुंद. रात्रीच्या हालचालीवर पाळत असते, म्हणून आप्पांनी भर दुपारी, ज्वारी भरण्याचं सोंग करून काम उरकलं. चाकं काढली, हँडल काढलं, दोरांनी एकेक भाग खाली सोडला. मी खोळ घालायला गेलो होतो. पेट्रोल टाकीतच राहू दिलं. घरात ठेवलं असतं तर वासानंच घर पकडलं गेलं असतं. वरून ज्वारी ओतली, तोंडावर शिळा बसवली, चिखलानं लिंपून घेतलं. सगळं झाल्यावर आप्पा तिथंच मातीत बसून राहिले. "तिला अंधाराची सवं न्हाय वं," म्हणाले.

पावसाळ्याच्या अखेरीस हिंदुस्थानची फौज आली. निजामाचं राज्य गेलं आणि नाका उघडला. बार्शीचा रस्ता लष्कराच्या लॉऱ्यांनी भरून गेला. त्याच रस्त्यानं अक्कांना निरोप आला, की म्हातारीचा भरवसा नाही, असाल तसे या.

आप्पा सकाळीच गड्याला घेऊन मळ्यात गेले. मी तिथं नव्हतो; गड्यानं सांगितलं ते सांगतो. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, हे आमच्याकडं कुणालाही विचारा. आतली कोंडलेली हवा माणसाला मारते. म्हणून आधी दोरानं कंदील खाली सोडतात. विझला तर थांबायचं, जळत राहिला तरच उतरायचं. आप्पांनी जन्मभर दुसऱ्यांना हेच करायला लावलं होतं. त्या दिवशी शिळा सरकवली आणि आंबूस वास आला. पावसाचं पाणी झिरपून ज्वारी नासली होती. गड्यानं कंदील पेटवायला घेतला.

"खुळा हाईस का?" आप्पा म्हणाले. "टाकीत पेट्रोल हाय. भडका उडंल."

"मंग आजच्या दिस उगडंच ऱ्हाऊ द्या, मालक. उद्या उतरू."

"उद्या? तिकडं म्हातारी डोळं लावून बसलीया."

दोघांनी घोंगडी हलवून हलवून आत वारं घातलं. ऊन डोक्यावर आलं. रस्त्यानं लॉऱ्या जात होत्या आणि त्यांची घरघर मळ्यात ऐकू येत होती. शेवटी आप्पांनी कमरेला दोर बांधला आणि उतरले. ज्वारी बाजूला सारता सारता खालून एकदा त्यांचा आवाज आला, "खोळ भिजलीया, पर टाकी बरी हाय." त्यानंतर आला नाही. गड्यानं दोर ओढला, पण तो देह एकट्याला उचलणारा नव्हता. तो ओरडत रस्त्यावर धावला. माणसं जमेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मी पोचलो तेव्हा त्यांना बांधावर निजवलं होतं. अंगाला नासलेले दाणे चिकटले होते. घरी अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, बोचकं बांधून उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांना सांगायला कुणी पुढं होईना. शेवटी गडीच गेला. मला त्या वेळी रडू आलं नाही, आप्पांचा संताप आला. ज्वारीच्या ढिगापुढं ज्यांना कधी घाई नव्हती, त्यांना तेवढा एक दिवस धीर धरता आला नाही? तो संताप अजूनही येतो. बार्शीला निरोप घेऊन दुसऱ्याच कुणाला जावं लागलं. अक्कांनी सांगितलं म्हणून पेवाचं तोंड पुन्हा लिंपून टाकलं. फटफटी अजून तिथंच आहे.

लिंगायतांमध्ये माणसाला आडवं नेत नाहीत. आप्पांना आंघोळ घातली, कपाळाला भस्म लावलं, डोलीत मांडी घालून बसवलं आणि मान सरळ राहावी म्हणून मागं आधार दिला. दफनाची जागा बार्शीच्या रस्त्याला. भजन म्हणत आम्ही निघालो. आप्पा सगळ्यांच्या डोक्यांवरून, रस्त्याकडं तोंड करून चालले होते.

समोरून फौजेचा एक जवान फटफटीवर येत होता. आम्हाला पाहून त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि डोली पुढून जाईपर्यंत टोपी काढून उभा राहिला. आम्ही थोडं पुढं गेलो आणि मागं त्यानं किक मारली. फटफटी सुरू झाली. भजन थांबलं, खांदेकऱ्यांचे पाय थांबले, आणि आम्ही सगळ्यांनी माना वर करून आप्पांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तो आवाज पार लांब जाईपर्यंत कुणी पाऊल उचललं नाही.